धर्मादाय खाट आणि महात्मा फुले योजना: कुणाकडे काय मागायचं?

कळवा, मुंब्रा, दिवा, तुर्भे, घणसोली, कुठलीही वस्ती घ्या. घरातलं माणूस मोठ्या दुखण्यात सापडलं की शेजारी हमखास सांगतात, "ट्रस्टच्या हॉस्पिटलात न्या, तिथे योजनेत फुकट होतं." सल्ला मनापासून दिलेला असतो, पण त्यात दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक म्हणजे धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट आणि दुसरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. दोन्हींचे कागद वेगळे, टेबल वेगळं, पैसे देणारा वेगळा आणि तक्रार ऐकणाराही वेगळा. या घोळामुळे माणसं चुकीच्या खिडकीवर उभी राहतात, "आमच्याकडे योजना नाही" हे उत्तर ऐकून परत फिरतात आणि मग व्याजाने पैसे काढतात. त्याच इमारतीत दुसऱ्या टेबलावर आपला हक्क असू शकतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी राखीव खाटेचं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर, म्हणजे ट्रस्टवर, १९५० च्या कायद्याने देखरेख ठेवली जाते. पूर्वी तो मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जायचा, आता त्याच्या नावात महाराष्ट्र आहे. देऊळ, मठ, चर्च, अग्यारी यांची नोंद ज्या धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे होते, तिच्याकडेच दवाखाने आणि रुग्णालयं चालवणाऱ्या न्यासांचीही होते. गरिबाला दिलासा, शिक्षण आणि वैद्यकीय मदत ही कायद्याच्या दृष्टीने धर्मादाय कामं आहेत. व्यापारी रिवाजाने सौद्यामागे 'धर्मादा' म्हणून जी रक्कम वळती करून घेत, तीसुद्धा याच कायद्याच्या हिशेबात आणली गेली. म्हणजे देणं श्रद्धेतून आलं असलं, तरी एकदा ते लोकांच्या नावाने जमा झालं की त्याचा हिशेब लोकांना द्यावा लागतो. मला या कायद्यातली ही भूमिका फार मोलाची वाटते.

या कायद्याच्या कलम ४१ कक खाली २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने एक सविस्तर योजना लागू झाली. न्यासाच्या रुग्णालयाने एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायच्या आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. शिवाय इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' नावाच्या वेगळ्या खात्यात टाकायची. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. आज निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब आणि दुर्बल घटक म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत.

यातला दुसरा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. महिन्याला तीस हजार कमावणारा रिक्षावाला, वाशीच्या मार्केटमधला माथाडी, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार हे स्वतःला 'गरीब योजने'त धरत नाहीत. धर्मादाय खाट भिकाऱ्यासाठी असते असा समज पक्का बसला आहे. प्रत्यक्षात ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कितीतरी घरं या मर्यादेत बसतात.

मोफत म्हणजे काय मोफत, हेही नीट समजून घ्यायला हवं. निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टर आणि परिचारिकांची सेवा, रुग्णालय देत असेल तर जेवण, चादरी, वीज-पाणी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावता येत नाहीत. औषधं, साहित्य, शरीरात बसवायची उपकरणं यांची खरेदी किंमत निर्धन रुग्ण निधीतून वळती होते. दुर्बल घटकातल्या रुग्णालाही औषधं आणि साहित्य खरेदी किमतीलाच लावायचं असतं, पण त्या बिलाचा निदान निम्मा भाग त्याने स्वतः भरायचा असतो. म्हणून सवलतीच्या खाटेवर दाखल झाल्यावर "अजिबात बिल येणार नाही" असं धरून चालू नका.

आता महात्मा फुले योजना. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचं नाव मिळालं. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाते. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती होती, आता पांढरं कार्डवालेही तिच्यात आले आहेत. संरक्षणाची रक्कमही कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली. ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीत आजार बसला आणि रुग्णालय योजनेच्या यादीत असलं, की पैसे सरकारच्या बाजूने रुग्णालयाला मिळतात. रुग्णाने रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जायचं, रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखवायचं आणि पूर्वमंजुरी घ्यायची.

म्हणजे योजनेत प्रश्न असतो तो उपचाराच्या यादीचा. धर्मादाय खाटेत तो असतो उत्पन्नाचा आणि त्या दिवशी राखीव खाट रिकामी आहे का याचा. योजना सरकारी रुग्णालयात चालते आणि यादीत असलेल्या, कंपनी चालवत असलेल्या खासगी रुग्णालयातही चालते. राखीव खाट मात्र फक्त सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयात मिळते, मग ते योजनेच्या यादीत असो वा नसो. एखादा आजार योजनेच्या यादीत नसेल, तरी त्या न्यासाच्या रुग्णालयात तो उपचार होत असेल तर राखीव खाटेवर तो मागता येतो. आरोग्यमित्राने "पॅकेज नाही", म्हणजे हा उपचार योजनेत नाही, असं म्हटलं की घरचे हात टेकतात. तिथेच थांबायचं नसतं. त्याच रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे जाऊन तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून निर्धन किंवा दुर्बल घटकातली खाट मागायची. "निधी संपला" असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. निधीतली शिल्लक आणि खाटा राखून ठेवण्याचं बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. विश्वस्त म्हणतात, दान मनाने करायचं असतं, कायद्याने वसूल केलेलं दान कसलं? आणि २ टक्क्यांत आजच्या शस्त्रक्रियांचा खर्च निघतो तरी का? दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. यंत्रं आणि औषधं महागली आहेत, आणि छोट्या न्यासाला ते ओझं जड जातं. पण पहिला प्रश्न मला पटत नाही. न्यास म्हणून नोंद झाल्यावर प्राप्तिकरात सूट मिळते. अनेकांना जमीन सरकार किंवा सिडकोकडून सवलतीत मिळालेली असते. समाजाने आपल्या वाट्याचा पैसा आधीच सोडलेला असतो. त्यामुळे राखीव खाटेवरचा रुग्ण उपकार घेत नाही, समाजाने आगाऊ चुकवलेली किंमत वसूल करतो. त्याच्याशी बोलताना आवाज चढवणाऱ्या, त्याला ताटकळत ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला हे रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने शिकवायलाच हवं.

आणि उलट बाजूनेही एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. योजनेतल्या रुग्णाचे पैसे सरकार देतं. तो आकडा वार्षिक अहवालात 'आमची समाजसेवा' म्हणून छापणं मला अनैतिक वाटतं. पैसे जनतेचे आणि पुण्य न्यासाचं, असं चालणार नाही.

खरं, निखळ दान वेगळंच असतं आणि ते आपल्या भागातही आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया पूर्ण मोफत होतात. तिथलं काम श्रद्धेतून उभं राहिलं आहे, १० टक्के राखीव खाटांच्या हिशेबातून नाही. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला विठ्ठल सायन्ना यांचं नाव आहे, पण ते चालवतं राज्य सरकार. नुसत्या नावावरून रुग्णालयाची जात ओळखता येत नाही. इमारतीवर देणगीदाराचं नाव असूनही ती सरकारी असू शकते, आणि संतांचं नाव असूनही आत कंपनी असू शकते. खात्री करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयांची यादी आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना आसरा देते. अशा कामाची जागा कुठलाच शासन निर्णय घेऊ शकणार नाही, आणि घेऊही नये.

मात्र अशा दानाकडे बोट दाखवून सरकारने आपली जबाबदारी हलकी करून घेऊ नये. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानलं आहे. धर्मस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद २५ सुद्धा सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहूनच ते देतो. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या, आणि जागा नाही किंवा सोय नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांतून परत पाठवलेल्या माणसाची हकीकत होती. तातडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. पैसा नाही ही सबब त्याने ऐकून घेतली नाही.

हा निकाल ठाणेकरांनी वाचावा असं मला फार वाटतं. ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेच्या कळवा रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नव्या इमारतीच्या कामासाठी सिव्हिल हॉस्पिटल जागेवरून हललेलं, आणि शहापूर-मुरबाडपासूनचे रुग्ण कळव्याकडे येणारे. अशा वेळी ना योजनेचं कार्ड कामी येतं, ना राखीव खाट. तिथे लागतात भरपूर खाटा, परिचारिका, अतिदक्षता विभाग, आणि ते उभं करणं सरकारचं आणि महापालिकेचं काम आहे. विमा आणि धर्मादाय यांच्या आकड्यांनी ती उणीव झाकली जाऊ नये. त्याच महिन्यात राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार मोफत झाले, हे फार चांगलं झालं. पण हा निर्णय महापालिकेच्या रुग्णालयांना लागू नव्हता, हे केसपेपर काढताना पुष्कळांना पहिल्यांदाच कळलं.

तातडीच्या प्रसंगी दोन्ही गोष्टींचे कागद बाजूला राहतात. १९८९ पासून सर्वोच्च न्यायालयाचं सांगणं आहे की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, मग बाकीच्या औपचारिकता. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेत तर हे स्पष्ट लिहिलेलं आहे की अशा रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे, त्यासाठी अनामत रक्कम मागायची नाही आणि गरज पडली तर सार्वजनिक रुग्णालयात पोहोचवायचं. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीला दाखल करून घेण्यासाठी दहा लाख अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि राज्यभर संताप उसळला. तेव्हा दारात अनामत मागितली तर आवाज करा, मागणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या.

तक्रार कुठे द्यायची हे शेवटी त्या रुग्णालयात तुम्ही कशाच्या आधारावर होतात यावर ठरतं. राखीव खाट नाकारली तर जिल्ह्यातल्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे. योजनेत असूनही पैसे घेतले तर आधी आरोग्यमित्र, मग योजनेचा जिल्हा समन्वयक आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी. आणि कागदांची तयारी करताना जिल्ह्याची हद्द लक्षात घ्या. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतात, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला ठाणे तहसीलचा. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात, तिथे पनवेल तहसील. दाखल्याला काही दिवस लागतात, म्हणून घरात मधुमेह, हृदयविकार किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर या वर्षीचा दाखला आजच काढून रेशनकार्डासोबत एका पिशवीत ठेवा.