कॅल्शियमची गोळी: किती, कधी आणि कशासोबत नको

पट्टीच्या मागे ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.’ दिसलं म्हणून गोळी जोरदार आहे असं समजू नका. या क्षारात वजनाच्या ४० टक्केच कॅल्शियम असतं, म्हणजे १२५० मध्ये ५००. हा आकडा त्याच ओळीत पुढे ‘एलिमेंटल कॅल्शियम’ म्हणून छापलेला असतो. दोन कंपन्यांची तुलना त्यावरूनच करा. शिंपल्यातला असो की खडकातला, क्षार तोच. शिंपल्याच्या चित्राचे जादा पैसे देऊ नका.

गोळी जेवण झाल्या झाल्या घ्या. कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते जेवताना भरपूर सुटतं. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीतलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. एका वेळी ५०० मि.ग्रॅ. एलिमेंटल कॅल्शियमच्या वर नको. दोन सांगितल्या असतील तर एक दुपारी, एक रात्री. पित्तासाठी पँटोप्राझोल, ओमेप्राझोल रोज चालू असेल तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या क्षाराबद्दल विचारा. त्याला आम्लाची गरज नसते, मात्र त्यात कॅल्शियम २१ टक्केच, त्यामुळे गोळ्या जास्त लागतात.

खरा घोळ होतो तो इतर औषधांबरोबर. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर डोस बरोबर असूनही रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वाढलेलाच येतो. लोहाच्या गोळीपासून निदान २ तास. गरोदरपणात १४व्या आठवड्यापासून दोन्ही चालू असतात, तेव्हा हे विशेष सांभाळा. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला कॅल्शियम आतड्यातच बांधून ठेवतं. तो कोर्स असेल तर कॅल्शियमची गोळी कधी घ्यायची हे औषधाच्या दुकानात विचारून घ्या.

हाच कार्बोनेट क्षार चघळायच्या गोळीत जळजळीवर चालतो. आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून ढेकर येतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांना तो अन्नातलं फॉस्फेट अडवायला देतात. तिथे गोळी जेवतानाच हवी.

बद्धकोष्ठ झाल्यास पाणी वाढवा. मुतखडा, किडनीचा आजार, हृदयासाठीचं डिगॉक्सिन किंवा रक्तदाबासाठीचं क्लोरथॅलिडोन चालू असेल तर स्वतःहून सुरू करू नका. सोबत मिळणारं ६०,००० युनिटचं व्हिटॅमिन डी-३ बहुधा आठवड्यातून एकदाच असतं. ते रोज घेतलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, सारखी तहान, वारंवार लघवी. असं झालं तर दोन्ही थांबवून डॉक्टरांना गाठा.

पानाचा चुना हा पर्याय नव्हे. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तोंड आणि अन्ननलिका भाजणारा. कॅल्शियमसाठी तो ‘गव्हाच्या दाण्याएवढा’ खा असं सांगतात, पण या मापात नेमकं किती कॅल्शियम गेलं हे कुणालाच सांगता येत नाही.