फिटची गोळी आणि एचआयव्हीचं औषध

सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकॅपाविर या इंजेक्शनाला जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने एचआयव्ही प्रतिबंधासाठी मान्यता दिली. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. इतका निर्भेळ निकाल वैद्यकात क्वचितच हाती येतो. पण ‘आता एड्स संपलाच’ हा उतावीळपणा मला खटकतो. औषध रक्तात किती टिकणार हे त्या माणसाला आणखी कोणती औषधं चालू आहेत यावरही ठरतं, आणि हा हिशेब मांडताना अपंगत्व असलेली माणसं हमखास विसरली जातात.

जगात अशी सुमारे १३० कोटी माणसं आहेत, म्हणजे साधारण सहांत एक. त्यांना लैंगिक आयुष्य नसतंच, असं घरचे, शिक्षक आणि कित्येक डॉक्टरही धरून चालतात. मग त्यांना ना लैंगिक शिक्षण मिळतं, ना कंडोमची माहिती, ना तपासणीचा सल्ला. प्रत्यक्षात लैंगिक अत्याचाराचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त असतो. त्यात ‘कुमारिकेशी संबंध ठेवला की एड्स बरा होतो’ ही भयंकर अंधश्रद्धा. अपंग मुली कुमारिकाच असणार असं समजून त्यांच्यावर बलात्कार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. एचआयव्ही आपली जनुकं माणसाच्या पेशींमधल्या डीएनएत कायमची गुंफून ठेवतो. कुणाशीही संबंध ठेवून ती तिथून निघत नाहीत, त्या मुलीला मात्र लागण होऊ शकते.

आता त्या दुसऱ्या औषधांकडे येतो. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांत बराच आढळतो. त्यावरची जुनी आणि स्वस्त औषधं म्हणजे फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन आणि कार्बामॅझेपिन. ती मेंदूतला विजेचा गोंधळ आवरतात. पण त्याच वेळी यकृतातही काहीतरी घडवून आणतात, आणि ते मला फार विलक्षण वाटतं.

यकृताच्या पेशीत पीएक्सआर नावाचं एक प्रथिन असतं. परकं रसायन आत आलं की ते ओळखायचं, हे त्याचं काम. कार्बामॅझेपिनसारख्या औषधाचा रेणू त्याला चिकटला की ते केंद्रकातल्या डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं आणि तिथली काही जनुकं जोमाने वाचली जाऊ लागतात. त्यातून सीवायपी३ए४ आणि यूजीटी१ए१ ही विकरं (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं) जास्त प्रमाणात तयार होतात. पहिलं विकर औषधाच्या रेणूत ऑक्सिजन घुसवतं, दुसरं त्याला ग्लुकोजपासून बनलेलं एक आम्ल जोडतं. अशाने रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि पित्तातून किंवा लघवीतून बाहेर पडतो. नवी विकरं साठायला वेळ लागतो, म्हणून पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. कार्बामॅझेपिन तर या वाटेने स्वतःचंही विघटन वाढवतं!

एचआयव्हीवर अनेक देशांत पहिल्या पसंतीचं असलेलं डोल्युटेग्राविर मुख्यतः याच यूजीटी१ए१मुळे शरीराबाहेर जातं. टाकीत पाणी तेवढंच सोडलं, पण खालचं भोक मोठं झालं, तर पातळी खाली जाणारच. गोळी एकदाही न चुकवणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही औषध कमी पडू शकतं.

कमी पडलं तर काय होतं? उपचार नसलेल्या शरीरात रोज सुमारे हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. विषाणूच्या जनुकसंचात सुमारे ९,७०० अक्षरं, आणि त्यांची नक्कल करणाऱ्या विकराला चुका तपासायची सोयच नाही. त्यामुळे एका अक्षराचा जवळपास प्रत्येक संभाव्य बदल रोज कुठे ना कुठे घडतो. औषध भरपूर असेल तर नक्कलच थांबते. अर्धवट असेल तर नक्कल चालू राहते आणि त्या औषधाला दाद न देणारे विषाणू निवडून वाढतात.

उपाय आहेत. कार्बामॅझेपिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदाऐवजी दोनदा देतात, किंवा डॉक्टर फिटसाठी लेव्हेटिरासेटामसारखं, ही विकरं न वाढवणारं औषध निवडतात. (फिटची गोळी आपण होऊन बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं.) दोन महिन्यांनी घ्यायचं, एचआयव्हीसाठीचंच कॅबोटेग्राविरचं इंजेक्शन फिटवरच्या त्या तिन्ही जुन्या औषधांबरोबर देतच नाहीत. लेनाकॅपाविरही याच विकरांच्या तावडीत सापडतं.

पण हे सगळं कुणीतरी विचारलं तरच कळणार. कर्णबधिर तरुणीबरोबर दुभाषा म्हणून तिचा भाऊच आला असेल, तर ती त्याच्यासमोर काय बोलणार? बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला डॉक्टर प्रश्नच विचारत नाहीत, सोबतच्याला विचारतात. घरी करायच्या एचआयव्ही चाचणीचा निकाल रेघांत उमटतो, म्हणजे अंध व्यक्तीला तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावा लागतो, आणि मग गुप्तता संपलीच. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं २५वं कलम लैंगिक आरोग्यसेवाही इतरांइतकीच आणि त्याच दर्जाची असावी असं सांगतं. मग ‘फिटची औषधं घेता का?’ हा साधा प्रश्न खुणांच्या भाषेत, ब्रेलमध्ये आणि चित्रांत तयार हवा, गुप्तता पाळणाऱ्या प्रशिक्षित दुभाष्यासह, आणि तोही इंजेक्शन दवाखान्यात पोहोचण्याच्या आधी.