भिंतीत गेले म्हणून वाचले

इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात मेलबरी बब नावाचं एक छोटं खेडं आहे. तिथल्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड पाहणारा आधी मान तिरकी करतो, कारण त्यावर कोरलेली सगळी जनावरं उलटी आहेत. पाय वर, पाठ खाली.

पाथरवट चुकला नव्हता. हा दगड मुळात कुंडासाठी घडवलाच नव्हता. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या एका गोल खांबाचा, बहुधा उंच क्रूसाचा, तो तुकडा. असे खांब वरच्या बाजूला निमुळते होत जात. पुढे कोणीतरी तुकडा उलटा केला, वर आलेल्या जाड टोकात पोकळी खोदली, आणि वर रुंद, खाली अरुंद असा कुंडाला हवा तोच आकार आयता मिळाला. जनावरांचे पाय कुठे गेले याची फिकीर कोणी केली नाही.

7व्या ते 11व्या शतकात ब्रिटनमध्ये असे कोरीव क्रूस आणि थडग्यांवरचे दगड मोठ्या संख्येने घडले. 1066 नंतर, फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मनांच्या राजवटीत जुनी चर्च पाडून मोठी बांधायची लाट आली. खाणीतून चिरा काढणं, तो बैलगाडीने आणणं आणि घडवणं हा बांधकामातला मोठा खर्च. आवारात मात्र सरळ कडांचे घडीव दगड तयार उभे. गवंड्याने ते कोपऱ्यात, दारावर आणि पायात वापरले. आपल्याकडे वाड्याच्या जोत्यात वीरगळ बसवलेला दिसतो, तसंच. डरहॅम कॅथेड्रलच्या सभागृहाच्या पायात तर 1891 साली अशा क्रूसांची चार डोकी सापडली.

खुद्द क्रूस घडवणाऱ्यांचे पूर्वजही काही वेगळे नव्हते. बिशप विल्फ्रिड यांनी 674च्या सुमारास हेक्सॅमला चर्च उभारलं, तेव्हा तळघरासाठी जवळच्या रोमन वस्तीचे दगड आणले. त्यातल्या एका शिलालेखात गेटा या रोमन सम्राटाचं नाव छिन्नीने खोडलेलं आहे. 211 साली भाऊ आणि सहसम्राट कॅराकॅला याने त्याला मारवलं आणि साम्राज्यभर त्याचं नाव पुसायला लावलं. चर्च बांधणाऱ्यांना या भाऊबंदकीशी देणंघेणं नव्हतं. दगड चांगला होता.

हा सगळा प्रकार विध्वंसाचा वाटतो. पण दगडाच्या बाजूने पाहिलं तर हिशेब उलटा निघतो. कंब्रियातला ब्यूकॅसलचा क्रूस आजही उघड्यावर उभा आहे. डोकं गेलंय, आणि त्याच्या वालुकाश्मावरची रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली अक्षरं इतकी झिजली आहेत की वाचनावरून अभ्यासकांचं एकमत होत नाही. पावसाचं पाणी कणांमधल्या फटीत शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि कण सुटे करतं. चुनखडकाची गत आणखी वाईट. कोळशाच्या धुरातल्या गंधकामुळे त्याच्या पृष्ठभागाचं जिप्सम होतं आणि ते पापुद्र्यांनी गळून पडतं. भिंतीच्या आत किंवा पायात गाडलेल्या बाजूला यातलं फारसं काही सोसावं लागत नाही. मात्र दुरुस्तीत चुन्याऐवजी सिमेंट भरलं की ओल अडकते, क्षारांचे स्फटिक धरतात आणि नक्षी आतून पोखरली जाते.

गाडलं जाण्याने काय वाचतं हे लिचफिल्ड कॅथेड्रलमध्ये 2003 साली कळलं. जमिनीखाली चुनखडकात कोरलेला देवदूत तीन तुकड्यांत सापडला, इसवी सन 800च्या आसपासचा. त्यावर मूळ रंगाचे अंश शिल्लक होते. करड्या दिसणाऱ्या या शिल्पकलेत रंगाचाही भाग होता, हे उघड्यावरचे दगड कधी सांगू शकले नसते.

भिंतीतल्या दगडाचे दोन जन्म वाचावे लागतात. नक्षी पहिला जन्म सांगते. नक्षी तोडत गेलेले छिन्नीचे घाव आणि चिकटलेला चुना दुसरा. झिजलेली नक्षी पाहायला कॅमेरा एका जागी ठेवून दिवा वेगवेगळ्या कोनांतून फिरवतात आणि अनेक छायाचित्रं संगणकात एकत्र करतात. मग डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या जागी गाठींची वेलबुट्टी उमटते. डरहॅम विद्यापीठात प्रा. रोझमेरी क्रँप यांनी अशा शिल्पांची देशव्यापी सूची सुरू केली. पहिला खंड 1984 साली आला. तीत दगड कुठल्या जातीचा आहे हेही नोंदवतात, कारण त्यावरून खाणीचा माग लागतो.

घाई केली की काय होतं ते यॉर्कशरच्या ननबर्नहोम गावात दिसतं. 1873 साली दुरुस्ती करताना चर्चच्या बांधकामातून एका चौकोनी क्रूसाचे दोन तुकडे निघाले. ते जोडले, पण एक तुकडा अर्धा फेरा फिरवून. म्हणजे एका बाजूच्या आकृतीच्या खाली भलत्याच बाजूच्या आकृतीचा भाग आला. आज असे तुकडे आधी त्रिमितीत मोजून संगणकावर जुळवून पाहता येतात. भिंतीत बसलेला दगड तर शक्यतो तिथेच ठेवून नोंदवतात. त्यात मागच्या बाजू दिसत नाहीत, हा तोटा खराच. पण तो दगड आता भिंतीचंही वजन पेलत असतो.