पार्श्वभूमी : पूर्व जर्मनीतल्या बायकांची नोकरी, बर्लिनची भिंत पडण्याआधी आणि नंतर

जर्मनीत बायका आणि पुरुष यांच्या सरासरी ताशी वेतनातली तफावत २०२३ मध्ये पश्चिमेकडे १९ टक्के होती, पूर्वेकडे फक्त ७. आकडा पाहून पूर्वेची पाठ थोपटायला हरकत नाही, पण त्यातला बराचसा भाग तिथल्या पुरुषांचे पगारच कमी असल्यामुळे आहे. उरलेल्याची मुळं मात्र जुन्या कम्युनिस्ट राजवटीत सापडतात.

समान कामाला समान वेतन हा हुकूम दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेचा ताबा घेतलेल्या सोव्हिएत लष्करी प्रशासनाने १९४६ मध्येच काढला होता. पूर्व जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेतही तो आला. त्यामागे तत्त्व होतं, तशी गरजही होती. युद्धात पुरुष मेले होते आणि १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहीपर्यंत २५ लाखांहून अधिक माणसं पश्चिमेला निघून गेली होती. बायकांना कामावर आणल्याशिवाय कारखाने चालणारच नव्हते. त्यासाठी सरकारने पाळणाघरं उभारली, १९७२ मध्ये पहिल्या १२ आठवड्यांत गर्भपाताचा हक्क दिला, १९८६ पासून पहिल्या मुलापासूनच वर्षभराची पगारी रजा दिली. १९८९ मध्ये तीन वर्षांखालच्या दर दहा मुलांपैकी सुमारे आठ पाळणाघरात जात. शिकणाऱ्या धरल्या तर कामाच्या वयातल्या ९० टक्क्यांच्या आसपास बायका घराबाहेर होत्या. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत बायकोने नोकरी करायची ती संसाराची कर्तव्यं सांभाळूनच, असं कायद्यातच लिहिलेलं होतं.

पण घरातलं चित्र फारसं बदललं नाही. 'घरकामाचा दिवस' नावाची एक पगारी सुट्टी महिन्यातून एकदा मिळे. १९५२ पासून ती प्रामुख्याने विवाहित बायकांसाठी होती, पुढे मुलं असलेल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या एकट्या बायकांनाही मिळू लागली. धुणं, साफसफाई, दुकानापुढची रांग यासाठी सरकारनेच दिलेली सुट्टी! बायको आजारी असल्यासारखे अपवाद सोडले तर नवऱ्याला ती नव्हती. म्हणजे धुणं कुणी धुवायचं हे सरकारने आधीच ठरवून टाकलं होतं. सत्तेतही तेच. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे सर्वोच्च निर्णयमंडळात, चार दशकांत एकही बाई पूर्ण सदस्य झाली नाही. इंगे लांगे आणि मार्गारेटे म्युलर वर्षानुवर्षं 'उमेदवार सदस्य'च राहिल्या, त्यांना मताचा अधिकार नव्हता.

१९८९ च्या अखेरीस भिंत पडली आणि दोन्ही जर्मनी एक होऊ लागले. १ जुलै १९९० ला पूर्वेत पश्चिमेचं चलन, मार्क, आलं, पगार एकास एक दराने बदलले गेले आणि पूर्वेच्या कारखान्यांचा माल एका रात्रीत महाग झाला. सोव्हिएत गटातली गिऱ्हाइकंही गेली. सरकारी उद्योग विकायला किंवा बंद करायला ट्रॉयहांड ही संस्था होती. तिच्या ताब्यातल्या कारखान्यांत सुमारे ४० लाख माणसं काम करत. सॅक्सनीतल्या कापडगिरण्या झपाट्याने बंद पडल्या आणि तिथे बहुसंख्य बायकाच होत्या. नव्वदीच्या पहिल्या वर्षांत पूर्वेतल्या बेकारांत बायकांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेलं. त्यात काही पश्चिमी अर्थतज्ज्ञ आणि राजकारण्यांचं निदान असं की इथल्या बायकांना नोकरीची हौसच जास्त, ती पश्चिमेइतकी उतरली की आकडे आपोआप सुधारतील. बेकारीवर असाही उपाय सुचू शकतो!

बायकांनी नोकरी शोधणं काही सोडलं नाही. मुलं होऊ देणं मात्र थांबवलं. १९८९ मध्ये पूर्वेत सुमारे २ लाख मुलं जन्मली होती, १९९४ मध्ये ८० हजारांपेक्षाही कमी. गर्भपाताचा हक्कही गेला : १९९५ च्या कायद्याने तो बेकायदा ठरला, फक्त सक्तीचा सल्ला घेतल्यास शिक्षा होत नाही. पाळणाघरं बऱ्याच अंशी टिकली. एक वर्ष पूर्ण केलेल्या मुलाला तिथे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क साऱ्या जर्मनीत आला तो २०१३ मध्ये.

सर्वांत चिवट प्रश्न पेन्शनचा. पूर्वेत मुलांसाठी घरी राहिलेली बाई महिन्याला ३ मार्क भरून आपला पेन्शनचा हक्क चालू ठेवू शकत असे. १९९२ मध्ये पश्चिमेचे नियम लागू झाले आणि पेन्शन ठरवताना त्या हप्त्याची किंमत फक्त ३ मार्कच धरली गेली. पश्चिमेत घटस्फोटानंतर नवऱ्याच्या पेन्शनचा वाटा मिळे, पण १९९२ पूर्वी पूर्वेत घटस्फोट झालेल्यांना तोही लागू नव्हता. अशा बायकांना भरपाई द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीने २०१७ मध्ये जर्मनीला सांगितलं. त्यानंतर केंद्र सरकारने निधी काढला : एकरकमी २,५०० युरो, तेही पेन्शन निर्वाहपातळीच्या आसपास असेल तरच.