प्रज्ञा (बौद्ध संकल्पना)

वस्तू, घटना आणि स्वतःचे मन जसे आहे तसे ओळखणारी, अभ्यासाने वाढवता येणारी समज. पाली ग्रंथांत हिला 'पञ्ञा' म्हणतात. पाठांतराशी किंवा पांडित्याशी हिची गल्लत करू नये. शील (सदाचार), समाधी (मनाची एकाग्रता), प्रज्ञा या तीन शिक्षांत, म्हणजे साधनेच्या तीन अंगांत, ती शेवटची. मात्र अष्टांगिक मार्गाचा आरंभच प्रज्ञेत मोडणाऱ्या सम्यक दृष्टीने होतो. वाटेला लागण्यापुरती समज आधी हवी, उरलेली चालता चालता येते.

पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपूर येथे बुद्धघोषाने रचलेल्या 'विसुद्धिमग्गा'तला दृष्टान्त प्रसिद्ध आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांची रास पडली आहे. लहान मुलाला नाण्यांचा आकार आणि नक्षी तेवढी दिसते. खेडुताला त्यांचे मोलही कळते, पण खरे-खोटे पारखता येत नाही. सराफ नाणे न्याहाळतो, वाजवून ऐकतो, हुंगतो, जिभेला लावतो, हातावर तोलतो आणि ते कोणत्या गावी, कोणत्या कारागिराने पाडले हेही सांगतो. मुलाची ती संज्ञा (वरवरची ओळख), खेडुताचे विज्ञान (इथे अर्थ त्याहून पुढची जाणीव) आणि सराफाची प्रज्ञा.

प्रज्ञा ऐकून येते, विचाराने येते आणि भावनेने, म्हणजे ध्यानाच्या अभ्यासाने येते. सारे अनित्य आहे हे ऐकून पटते. पण कोणी चारचौघांत अपमान केला, की ते पटणे कामाला येत नाही. परंपरेचा भर तिसऱ्या प्रकारावर आहे तो यामुळेच. इगतपुरीच्या 'धम्मगिरी' केंद्रातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात साधक आधी श्वास आणि मग अंगावरच्या संवेदना पाहायला शिकतो. खाज सुटली तरी हात न हलवता ती उठते कशी आणि विरते कशी, हे पाहायचे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रज्ञेला वेगळी धार दिली. मे १९५६ मधील बीबीसीवरील भाषणात त्यांनी बौद्ध धम्माच्या पसंतीची तीन कारणे सांगितली: प्रज्ञा, करुणा आणि समता. त्यांच्या मांडणीत प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धा आणि दैवी चमत्कार नाकारणारी समज. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत हा शब्द पोचला तो याच अर्थाने. शीलाचे स्थान मात्र त्यांनी प्रज्ञेच्याही वर ठेवले. शीलहीन माणसाची बुद्धी त्यांना घातक वाटे. प्रज्ञा डोळे मिटून वाढते की प्रश्न विचारून, यावर मराठी बौद्धांमध्ये आजही वाद झडतात.