माफ केलं म्हणजे विषय संपला?

"माफ केलंस ना, मग आता तो विषय नको." घरातले वडीलधारे हेच सांगतात. हा समज चुकीचा आहे, आणि जोडीदाराने फसवलेल्या माणसाला आतून पोखरणारा. माफी एका संध्याकाळी देता येते. विश्वास रोजच्या वागण्यातूनच परत येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या मांडणीत विश्वास परत मिळवण्याची पहिली पायरी प्रायश्चित्ताची: फसवणाऱ्याने सबबी न सांगता जोडीदाराचं दुःख ऐकून घ्यायचं, पुन्हा पुन्हा.

नाशिकमधल्या माझ्या मैत्रिणीचा नवरा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून निघताना फोन करायचा, घरी आल्यावर मोबाईल ओट्यावर सुलटा ठेवायचा. तिने न मागता. तरी फोन वाजला की तिचं लाटणं थांबायचं. वर्षभर चाललं हे. "अजून तेच?" असं तो एकदाही म्हणाला नाही. आता फोन वाजतो, पोळी लाटली जातेच.