चिनी कारखाने इतके पुढे कसे गेले, थोडी पार्श्वभूमी

चीनचा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात स्वस्त मजूर, सरकारी सबसिडी, संपला विषय. अहो पण मजूर 1975 मध्येपण स्वस्तच होते की, तेव्हा का नाही झालं? माझ्या मते खरा फरक पडला तो बुडीत कारखाने बंद पडू दिले आणि नव्यांना उघडू दिलं म्हणून, मशीन वगैरे नंतरची गोष्ट.

माओच्या काळातला सरकारी कारखाना म्हणजे घर, दवाखाना, पाळणाघर, पेन्शन सगळं तिथूनच, एकदा लागलं की जन्माची सोय, याला तिकडे 'लोखंडी वाडगा' म्हणायचे, कधीच न फुटणारा भाताचा वाडगा. काय बनवायचं, किती बनवायचं सगळं वरून ठरणार, नफा झाला तरी सरकारचा आणि तोटा झाला तरी सरकारचाच, मग मॅनेजर डोकं कशाला लावेल?

1978 नंतर हळूहळू दोरी सैल केली. सरकारने ठरवून दिलेल्या कोट्याएवढा माल सरकारी भावात द्या, त्यावरचा बाजारभावाने विका आणि नफ्यातलं थोडं स्वतःकडे ठेवा. तरी अवस्था काय होती बघा, 1984 च्या शेवटी झांग रुईमिन चिंगदाओ शहरातल्या एका बुडत्या फ्रिज कारखान्यात नवे मॅनेजर म्हणून आले, तर त्यांना नियमच काढावा लागला की वर्कशॉपमध्ये लघवी-संडास करायची नाही! पुढच्या वर्षी खराब निघालेले 76 फ्रिज त्यांनी कामगारांकडूनच घणाने फोडून घेतले, आणि तेव्हा एक फ्रिज म्हणजे कामगाराचा साधारण दोन वर्षांचा पगार. तो घण आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तो कारखाना म्हणजे आजची हायर, आपल्या पुण्याजवळ रांजणगावला प्लँट आहे तीच.

पण एकेक कारखाना सुधारून देश सुधारत नाही. 1986 मध्ये ईशान्य चीनमधल्या शेनयांग शहरातला एक सामूहिक मालकीचा कारखाना दिवाळखोर जाहीर झाला, 1949 नंतरचा पहिलाच, आणि खरा घाव बसला 1997 नंतर, झू रोंगजींच्या (1998 पासून पंतप्रधान) काळात. धोरण असं की मोठे कारखाने हातात ठेवा, छोटे सोडून द्या, म्हणजे विका नाहीतर बंद करा. काही वर्षांतच अडीच कोटींहून जास्त कामगार घरी बसले, शेनयांगच्या तिएशी भागात तर घरटी कुणीतरी बेकार. उत्पादकतेचे (तेवढ्याच माणसं-मशीनमधून किती माल निघतो त्याचे) आकडे वाचताना ही माणसं विसरता कामा नये, मला तरी विसरता येत नाहीत.

दुसरीकडे वेन्झो शहराजवळ छ्याओथौसारखं गाव छोट्या खाजगी कारखान्यांच्या जोरावर बटणांचं केंद्र झालं, आणि 2001 च्या डिसेंबरमध्ये चीन डब्ल्यूटीओमध्ये (जागतिक व्यापार संघटनेत) गेल्यावर असल्या खाजगी कारखान्यांना जगाचं मार्केट मोकळं झालं. 1998 ते 2007 च्या कारखान्यांचा डेटा तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञांनाही हेच दिसलं की उत्पादकता वाढली त्यात नवे आत येण्याचा आणि जुने बाहेर पडण्याचा वाटा फार मोठा होता.

मग 2008 ची मंदी आली, सरकारने 4 लाख कोटी युआनचं पॅकेज काढलं, बँकांनी कर्जं वाटली आणि त्यातलं बरंच सरकारी कंपन्यांकडे गेलं, जे बंद पडायला हवे होते तेही कर्जावर कर्ज घेऊन चालू राहिले आणि उत्पादकतेचा वेग मंदावला. शेवटी 2016 मध्ये सरकारलाच जाहीर करावं लागलं की पाच वर्षांत 10 ते 15 कोटी टन स्टीलची जादा क्षमता बंद करायची.